रविवारच्या दुधाचा वास : ठाण्यातल्या एका रतिबाचे प्रकरण

घोडबंदर रस्त्यावर वाघबीळच्या पुढे असलेल्या एका गृहसंकुलात मुरबाडकडच्या एका गोठ्यातून गाईच्या दुधाचा रतीब लागलेला होता. पुरवठादाराचा पसारा लहान होता: स्वतःच्या गाई, पाश्चरीकरणाची एक छोटी टाकी, शीतपेटी बसवलेला एक टेम्पो आणि दूध टाकणारी तीन मुले. दूध अर्ध्या व एक लिटरच्या रंगहीन काचेच्या बाटल्यांतून यायचे आणि पिशवीतल्या दुधापेक्षा बराच चढा दर लोक खुशीने देत होते, कारण बाटलीत काय आहे ते डोळ्यांना दिसत होते. मार्चअखेरीपासून या दुधाला वास येत असल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुरवठादाराने मला बोलावले. दूध व दुग्धपदार्थांच्या गुणवत्ता तपासणीचे काम मी ठाण्यातून स्वतंत्रपणे करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत दोष धुलाईत, थंडाव्यात नाहीतर हाताच्या स्वच्छतेत निघतो, आणि हेही त्यांतलेच असणार असे मनाशी धरूनच मी गेलो होतो.

मी पोहोचण्याआधी पुरवठादाराने आपल्या परीने बरेच काही करून पाहिले होते. सरकी पेंड कमी केली होती, ओल्या चाऱ्याचा माणूस बदलला होता, बाटल्या धुण्याची पावडर बदलून पाहिली होती आणि शेवटी रविवारी बदली म्हणून येणाऱ्या मुलाला कामावरून काढले होते. हे शेवटचे पाऊल त्याने का उचलले, ते समजण्यासारखे होते. तक्रारींत रविवार फार वेळा यायचा, रविवारी नेहमीचा मुलगा सुट्टीवर असायचा, तेव्हा बदली मुलगा बाटल्या कुठेतरी उन्हातान्हात रेंगाळत ठेवतो किंवा त्यांत हात घालतो, असा सरळ हिशेब मांडला गेला. मुलगा गेला. त्यानंतरच्या दोन्ही रविवारी तक्रारी आल्याच.

तक्रारी पुरवठादाराच्या फोनवर विखुरलेल्या होत्या. त्या मी एका वहीत उतरवून घेतल्या आणि प्रत्येकीपुढे तारीख, विंग, मजला, दूध कशासाठी वापरले आणि वासाचे वर्णन, असे रकाने केले. एकंदर तीसेक नोंदी झाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक रविवारच्या होत्या. संकुलाला ए आणि बी अशा दोन विंग आहेत, रतिबाची घरे दोन्हींकडे जवळपास सारखीच आहेत, पण तीन-चार अपवाद सोडले तर सगळ्या तक्रारी बी विंगच्या होत्या. आणखी एक गोष्ट वहीमुळेच लक्षात आली. ज्या घरांत सगळे दूध चहाला जाते त्या घरांतून एकही तक्रार नव्हती. तक्रार करणारे ते होते, जे दूध साधेच पितात, मुलांना देतात, किंवा दूध-पोहे खातात. आले-वेलदोड्याच्या चहात पुष्कळ पापे झाकली जातात, हे या धंद्यातले जुने सत्य आहे.

वासाचे वर्णन मात्र एकसारखे नव्हते. बी विंगच्या सातव्या मजल्यावरच्या आजींनी मला सांगितले, "केस जळल्यासारखा वास येतो हो, पण लांबून आल्यासारखा. आंबट नाही, नासका नाही." संकुलाच्या सचिव बाई म्हणाल्या की दूध ओल्या पुठ्ठ्यासारखे लागते. एका घरातल्या मुलाने त्याला उकडलेल्या बटाट्याचे पाणी म्हटले होते, आणि आईने ते लहान मुलाचे बोलणे म्हणून कळवलेच नव्हते. मी विचारले तेव्हा हसत हसत सांगितले. त्या पोराचे वर्णन सगळ्यांत नेमके होते, हे मला पुढे दोन आठवड्यांनी कळले.

तपासण्या नेहमीच्या क्रमाने केल्या. बी विंगमध्ये वास आलेल्या बाटलीतले आणि त्याच खेपेतले टेम्पोत राखून ठेवलेले दूध अशी जोडी घेतली. तापवल्यावर दोन्ही फुटले नाही. आम्लता दोन्हींची सारखी आणि ताज्या दुधाला शोभेल अशीच होती. फॉस्फटेज चाचणीने पाश्चरीकरण पुरे झाल्याचे दाखवले. मिथिलीन ब्लूचा रंग दोन्ही नमुन्यांत पाच तासांनंतरही टिकून होता, म्हणजे जंतूंची संख्या फारशी नव्हती. युरिया, डिटर्जंट, सोडा यांचा मागमूस नव्हता. धुतलेल्या बाटल्यांत उरलेल्या थेंबांना लिटमस लावून पाहिला, तोही निर्दोष. पेंडीचा किंवा चाऱ्याचा वास दुधात उतरतो हे खरे, पण तसे असते तर टेम्पोतल्या बाटलीलाही तो आला असता आणि ए विंगलाही. थोडक्यात, आपल्याकडे दुधाच्या ज्या चाचण्या रोज होतात त्या सगळ्या भेसळ शोधतात नाहीतर जंतू शोधतात, आणि या दुधात दोन्ही नव्हते. तरीही दोन्ही पेले शेजारी ठेवून नाकाशी नेले की फरक मला स्वतःला कळत होता. कागदावर सारखे आणि नाकाला वेगळे असे दोन नमुने समोर असले की चूक कागदाची धरायची, एवढा धडा मला या कामाने दिला आहे.

म्हणून पुढच्या रविवारी मी पहाटेच संकुलात जाऊन बसलो. दूध सहा वाजून दहा मिनिटांनी आले. मुलाने बाटल्या लिफ्टने वर नेऊन प्रत्येक दाराबाहेरच्या लहान कट्ट्यावर ठेवल्या आणि वीस मिनिटांत तो खाली आला. त्याच्या कामात काढण्यासारखी खोट नव्हती. मी सातव्या मजल्यावर थांबलो. ए विंगचा मोकळा पॅसेज येऊरच्या डोंगराकडे तोंड करून आहे, तिथे सकाळी सावली असते. बी विंगचा पॅसेज खाडीकडे, म्हणजे पूर्वेला उघडा आहे. पावणेसातच्या सुमारास समोरच्या इमारतीच्या टाकीवरून ऊन आत शिरले आणि एकेक करत कट्ट्यांवर चढले. आजींच्या दाराबाहेरच्या बाटलीवर जमलेले दव आधी चमकले, मग ओघळले, मग सुकले. सायीची पिवळसर रेषा उन्हात अगदी उठून दिसत होती. आठवड्याच्या दिवशी शाळा-ऑफिसच्या गडबडीत ही बाटली साडेसहाच्या आत घरात जाते, असे आजींच्या सुनेने सांगितले होते. त्या रविवारी दार उघडले तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटे झाली होती.

रविवारचे कोडे तिथे सुटले. बदली मुलाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. रविवारी लोक उशिरा उठत होते. मार्चअखेरीचेही तेच. ठाण्यात जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि मे महिन्यात सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास. थंडीत बाटली अंधारात येऊन बहुतेक वेळा अंधुक उजेडातच उचलली जात होती. दिवस मोठा होत गेला तसा दूध येण्याची वेळ आणि दूध उचलण्याची वेळ यांच्यामधल्या फटीत सूर्य शिरला.

पुरवठादाराने लगेच विचारले की मग हा उन्हाच्या उष्णतेचा परिणाम का नाही. प्रश्न रास्त होता, कारण ऊन म्हटले की आपल्या मनात आधी ताप येतो, उजेड मागाहून येतो. दोन्ही वेगळे काढण्यासाठी पुढच्या रविवारी एकाच खेपेच्या तीन बाटल्या आजींच्या कट्ट्यावर ओळीने ठेवल्या: एक उघडी, एक स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये पूर्ण गुंडाळलेली आणि एक किराण्याच्या जाड खाकी पिशवीत. चौथी उघडी बाटली ए विंगच्या सावलीत ठेवली. नऊ वाजता चारही बाटल्यांतल्या दुधाचे तापमान मोजले. त्यांच्यात दीड अंशापेक्षा जास्त फरक नव्हता. मग दूध न तापवता एकसारख्या पेल्यांत ओतून आजी, सचिव बाई, ए विंगमधले एक निवृत्त शिक्षक, पुरवठादार आणि मी अशा पाच जणांनी चव घेतली. पद्धत साधी होती. प्रत्येकापुढे तीन पेले, त्यांतले दोन सारख्या दुधाचे आणि एक वेगळ्या, आणि वेगळा कोणता ते ओळखायचे. उघडी बाटली आणि फॉइलची बाटली यांच्या फेरीत पाचांपैकी चौघांनी वेगळा पेला बरोबर काढला. शिक्षकांना जमले नाही. ते चहावाले होते. पुरवठादाराने आपला पेला उचलला, पुन्हा हुंगला आणि काही न बोलता खाली ठेवला. फॉइलची, खाकी पिशवीची आणि सावलीतली बाटली यांच्यात फरक कोणालाच सांगता आला नाही.

"पण आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दूध उन्हातूनच नेतात," तो थोड्या वेळाने म्हणाला. नेतात, पण कॅनमधून. गोठ्यावरच्या कॅनला, गवळ्याच्या किटलीला आणि घरातल्या पातेल्यावरच्या झाकणाला उजेड आरपार जाऊ देण्याची सोयच नाही. ते भांडे तापते, पण आतले दूध अंधारात असते.

आता ज्या पदार्थामुळे हे सारे घडले त्याच्याकडे यायला हवे, कारण खरी गंमत त्याच्यात आहे आणि पुरवठादाराच्या जाहिरातीच्या पत्रकावर त्याचे नाव ठळक अक्षरांत छापलेलेही होते. तो पदार्थ म्हणजे जीवनसत्त्व ब-२, अर्थात रायबोफ्लेविन. पनीर करताना दूध फाडल्यावर जे हिरवट पिवळे पाणी वेगळे होते, त्याचा तो रंग रायबोफ्लेविनचा असतो. ब्लाइथ या इंग्रज रसायनतज्ज्ञाने १८७९ सालीच गाईच्या दुधातून हे पिवळे द्रव्य वेगळे काढले होते आणि त्याला लॅक्टोक्रोम म्हटले होते. ते जीवनसत्त्व आहे हे कळायला पुढे पन्नासेक वर्षे लागली. गाईच्या एक लिटर दुधात ते सुमारे पावणेदोन मिलिग्रॅम असते. प्रमाण नगण्य वाटते, पण उजेडाच्या बाबतीत हा रेणू विलक्षण हळवा आहे. तो निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून तर तो आपल्याला पिवळा दिसतो. दृश्य प्रकाशात त्याचे शोषण सुमारे ४४५ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे निळ्या रंगात, सर्वाधिक असते आणि ५०० च्या पुढे जवळपास संपते. साधी रंगहीन काच हा निळा प्रकाश बिनबोभाट आत सोडते.

रायबोफ्लेविनच्या रेणूची कल्पना पतंगासारखी करावी. तीन जोडलेल्या कड्यांचा सपाट भाग हा पतंग आणि त्याच्या मधल्या कड्यातल्या एका नायट्रोजनला लटकणारी पाच कार्बनांची, साखरेच्या जातकुळीतली साखळी ही शेपटी. प्रकाश शोषून रेणू उत्तेजित झाला की ही शेपटी तुटते. कशी तुटते हे भोवतालच्या माध्यमावर ठरते. माध्यम अल्कधर्मी असेल तर शेपटी मुळापासून न तुटता एका कार्बनचे खुंट मागे राहते, आणि जो रेणू उरतो त्याला लुमिफ्लेविन म्हणतात. माध्यम उदासीन किंवा आम्लधर्मी असेल तर खुंटही उरत नाही, आणि मिळतो तो लुमिक्रोम. रायबोफ्लेविनमध्ये १७ कार्बन असतात, लुमिफ्लेविनमध्ये १३ आणि लुमिक्रोममध्ये १२. दोन्ही नावांतले 'लुमि' हे प्रकाशवाचक लॅटिन शब्दावरून आले आहे. दोन्ही पदार्थ जीवनसत्त्वापासूनच निर्माण होतात, दोघांचा सांगाडा जवळपास तोच असतो, पण जीवनसत्त्वाचे काम दोघांपैकी एकालाही करता येत नाही, कारण शरीरातल्या विकरांना लागणारी रूपे बनवायला ती शेपटीच हवी असते.

लुमिफ्लेविनचा इतिहास मला नेहमीच मोहवतो, म्हणून एवढे विषयांतर करतो. ओटो वारबुर्ग आणि वाल्टर ख्रिश्चन या जर्मन जैवरसायनतज्ज्ञांनी १९३२ साली यीस्टमधून एक पिवळे विकर वेगळे केले. त्याच्या द्रावणात अल्क घालून त्यांनी ते उजेडात ठेवले, तेव्हा जे पिवळे द्रव्य सुटले ते क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत होते, आणि मूळ रायबोफ्लेविन तर क्लोरोफॉर्ममध्ये विरघळत नाही. तुटलेल्या, सुटसुटीत तुकड्याची रचना उकलणे सोपे होते, आणि त्या तुकड्यावरूनच मूळ रेणूचा सांगाडा कळण्याचा रस्ता मोकळा झाला. रिचर्ड कून आणि पाउल कारर या रसायनतज्ज्ञांनी १९३५ साली स्वतंत्रपणे रायबोफ्लेविन प्रयोगशाळेत तयार केले. पुढे कित्येक वर्षे अन्नातले ब-२ मोजण्याची एक पद्धत याच गोष्टीवर चालली: नमुन्यात अल्क घाला, प्रकाश द्या, सगळ्या रायबोफ्लेविनचे लुमिफ्लेविन होऊ द्या, ते क्लोरोफॉर्ममध्ये उतरवा आणि त्याची चमक मोजा.

दुधाचा सामू (पीएच) ६.६ ते ६.८ च्या दरम्यान असतो, म्हणजे ते किंचित आम्लाकडे झुकलेले असते. त्यामुळे उन्हातल्या दुधात मुख्यतः लुमिक्रोम तयार होतो, लुमिफ्लेविन अल्प. इथे एक घोटाळा टाळायला हवा, जो मी स्वतः पुरवठादाराला पहिल्यांदा समजावताना केला होता. वास लुमिक्रोमचा नसतो. तो साक्षीदार आहे. उजेड पडला होता, एवढे तो सांगतो. वासाचा कारभार शेजारी चालतो. उत्तेजित झालेले रायबोफ्लेविन स्वतः तुटता तुटता आपली ऊर्जा दुधात विरघळलेल्या ऑक्सिजनला देते, त्यातून ऑक्सिजनचे फार आक्रमक रूप तयार होते, आणि काही वेळा रायबोफ्लेविन थेट शेजारच्या रेणूंशीही झटापट करते. या माऱ्यात दुधातले मिथिओनाइन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल सापडते आणि त्यापासून मिथिओनॅल बनते. मिथिओनॅलचा वास उकडलेल्या बटाट्यासारखा असतो. त्याच वाटेवर तयार होणारी गंधकाची इतर संयुगे जळक्या केसांची किंवा होरपळलेल्या पिसांची आठवण देतात. उजेड आणखी काही वेळ चालू राहिला, किंवा मार बसलेले दूध नंतर फ्रिजमध्ये पडून राहिले, की स्निग्धांशाचे ऑक्सिडीभवन पुढे सरकते आणि पुठ्ठ्याची चव येते. आजी दूध लगेच पीत होत्या, सचिव बाई संध्याकाळी, आणि म्हणून दोघींची वर्णने वेगळी होती. मिथिओनाइन आणि रायबोफ्लेविन यांची ही जोडी उन्हाच्या वासामागे असल्याचे अमेरिकेतले दुग्धरसायनतज्ज्ञ स्टुअर्ट पॅटन यांनी १९५४ साली मांडले. म्हणजे हे ज्ञान नवे नाही, फक्त पिशवीच्या दुधाच्या काळात आपल्याला त्याची गरज फारशी पडली नाही.

नुकसान वासापुरते नाही. ऊन खाल्लेल्या दुधातले रायबोफ्लेविन तर घटतेच, पण त्याच्या चिथावणीने क जीवनसत्त्वही जाते आणि अ जीवनसत्त्वालाही झळ बसते. थेट उन्हात दोन तास राहिलेल्या काचेच्या बाटलीतले निम्म्याच्या आसपास ब-२ नाहीसे होऊ शकते, असे पोषणशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. दूध पिऊन कोणी आजारी पडल्याची तक्रार या प्रकरणात नव्हती, हेही नोंदवले पाहिजे. प्रश्न चवीचा आणि सत्त्वाचा होता, विषबाधेचा नव्हता.

पुरवठादाराला हे सगळे पटले असे म्हणवत नाही. त्याला डोळ्यांनी दिसणारे काहीतरी हवे होते, आणि ती मागणी मला आवडली. नवी मुंबईत रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राची लहान प्रयोगशाळा आहे, तिथे त्याला घेऊन गेलो. दहा मिलिग्रॅम रायबोफ्लेविन असलेली बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी कुटून लिटरभर पाण्यात घोळवली आणि पाणी गाळून घेतले. त्या पिवळ्या पाण्याच्या तीन परीक्षानळ्या भरल्या. पहिली फॉइलमध्ये गुंडाळली, दुसरी तशीच ठेवली, तिसरीत कॉस्टिक सोड्याचे थोडे द्रावण घातले, आणि तिन्ही गच्चीवर भर उन्हात एक तास ठेवल्या. खाली आणून अंधाऱ्या खोलीत नोटा तपासण्याच्या जांभळ्या दिव्याखाली धरल्या. फॉइलमधली नळी हिरव्या-पिवळ्या रंगाने लख्ख पेटल्यासारखी दिसली; कच्च्या लिंबाच्या सालीचा रंग कोणी आतून उजळावा तशी. दुसऱ्या नळीतले पाणी साध्या उजेडातच फिकट झाले होते, आणि दिव्याखाली तिची चमक निळसर होती. ती निळाई लुमिक्रोमची. तिसऱ्या नळीत आम्ल घालून सोडा मारला, क्लोरोफॉर्म घातले आणि बूच लावून हलवले. दोन थर पडले. खालचा क्लोरोफॉर्मचा थर, जो क्षणापूर्वी पाण्यासारखा होता, पिवळसर हिरवा चमकू लागला. ताडून पाहण्यासाठी फॉइलमधल्या पाण्यातही क्लोरोफॉर्म घालून हलवले. तिथे चमक वरच्या पाण्यातच राहिली, खालचा थर काळाच. पुरवठादाराने दोन्ही नळ्या हातात घेतल्या आणि बराच वेळ आलटून पालटून दिव्याखाली धरल्या. नंतर त्याने खिशातून पाचशेची नोट काढून तीही धरून पाहिली, दिवा खरा आहे ना म्हणून.

त्याच प्रयोगशाळेत दुधाचे दोन नमुने द्रव क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रावर घातले. हे यंत्र मिश्रणातले घटक वेगळे करते आणि प्रत्येक घटक आलेखावर एका शिखराच्या रूपाने दाखवते. दुधातली प्रथिने आधी खाली बसवून, गाळलेले पाणी यंत्रात सोडावे लागते. कट्ट्यावरच्या उघड्या बाटलीत लुमिक्रोमचे शिखर स्पष्ट उमटले आणि रायबोफ्लेविनचे शिखर फॉइलच्या बाटलीच्या मानाने खुजे झाले होते. फॉइलच्या बाटलीत लुमिक्रोमच्या जागी नुसता एक उंचवटा होता. लुमिफ्लेविन दोन्हींत दखल घेण्याजोगे नव्हते, आणि दुधाच्या सामूकडे पाहता ते तसेच अपेक्षित होते. सगळ्या तपासणीत उजेडाचा लेखी पुरावा असा हा एवढाच, आणि तो देणारी चाचणी दुधाच्या रोजच्या तपासणीच्या कोणत्याही यादीत नसते.

तपास चालू असतानाच आणखी एक गळती हाती लागली. मानपाड्याला पुरवठादाराचा एक गाळा आहे, तिथे समोर काचेचा दरवाजा असलेला फ्रिज रात्रंदिवस आतला दिवा चालू ठेवून उभा असतो. पुढच्या ओळीतल्या बाटल्या मागच्यांच्या मानाने बेचव लागतात, हे तिथल्या मुलाला ठाऊक होते. त्याची समजूत अशी होती की दार सारखे उघडल्यामुळे पुढच्या बाटल्या कमी थंड राहतात. पांढऱ्या दिव्यांच्या उजेडातही निळा भाग असतोच, आणि उन्हाच्या मानाने तो कितीही मंद असला तरी बाटली तिथे बारा-बारा तास उभी असते. ए विंगमधल्या दोन तक्रारींचे दूध याच गाळ्यावरून नेलेले निघाले. दिवा काढून टाकणे हा या प्रकरणातला सगळ्यांत स्वस्त उपाय ठरला.

बाटल्यांचा उपाय तितका सोपा नव्हता. तपकिरी काच निळा प्रकाश अडवते, औषधाच्या बाटल्या तशा असतात त्याचे एक कारण तेच आहे, म्हणून मी आधी तीच सुचवली. पुरवठादाराने चार बाटल्या आणून भरून दाखवल्या. सचिव बाईंनी पाहताक्षणी सांगितले की दाराबाहेर रोज सकाळी बिअरच्या बाटल्या मांडल्यासारखे दिसेल आणि सोसायटीत ते चालणार नाही. पुरवठादाराची अडचण वेगळी होती: त्याच्या गिऱ्हाइकाला दूध दिसायला हवे, साय दिसायला हवी, त्याचेच तर पैसे मिळत होते. जी पारदर्शक काच शुद्धतेची खूण म्हणून विकली जात होती, तिच्यातूनच दूध बिघडत होते, हे त्याला कळत होते आणि तरी सोडवत नव्हते. त्याला मी दोष देणार नाही. गिऱ्हाईक डोळ्यांनी विकत घेते.

शेवटी शिवून घेतलेल्या पिशव्यांवर एकमत झाले. काळ्या जाड कापडाचे दोन पदर, तोंडाला नाडी, वर घराचा नंबर. मुलाने बाटली पिशवीत घालून ठेवायची, घरच्यांनी दूध काढून पिशवी आणि कालची रिकामी बाटली पुन्हा कट्ट्यावर ठेवायची. जूनच्या पहिल्या आठवड्यात पिशव्या वाटल्या. काढलेल्या मुलाला पुरवठादाराने फोन करून बोलावले, पण तो तोवर कुरिअरच्या कामाला लागला होता आणि परत आला नाही.

जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये एकही तक्रार आली नाही. पुरवठादार खूश होता, आणि मला अहवाल बंद करून टाका म्हणून दोनदा म्हणाला. मी तो बंद केला नाही, कारण पावसाळ्यात खाडीवरचे आकाश सकाळी बहुतेक वेळा भरलेले असते आणि बी विंगच्या कट्ट्यावर थेट ऊन क्वचितच चढते. पिशवी नसती तरी तक्रारी कमीच आल्या असत्या. ढगांचे श्रेय पिशवीला देणे म्हणजे रविवारचा दोष बदली मुलाला देण्यासारखेच झाले असते. मोकळ्या आकाशाचा ऑक्टोबर जाईपर्यंत निकाल राखून ठेवला.

ऑक्टोबरमध्ये चार रविवार कोरडे आणि लख्ख उन्हाचे गेले. तक्रार एकच आली, बी विंगच्या अकराव्या मजल्यावरून, तीही रविवारची. फोन करून विचारले तेव्हा घरच्या बाईंनी सांगितले की नाडीची ती पिशवी मजबूत आहे म्हणून त्यांनी शनिवारी भाजीला नेली होती, ती कांद्यांसकट स्वयंपाकघरातच राहिली, आणि मुलाने बाटली तशीच कट्ट्यावर ठेवली होती.